ओढ्यावरून गेलेला रस्सा

सरकारी जमीन-मोजणीच्या कॅम्पात स्वयंपाकी म्हणून मी किती मुलूख हिंडलो असं कुणी विचारलं, तर मला गावांची नावं कमी आठवतात, ओढ्या-झऱ्यांची जास्त. आमचं बिऱ्हाड पडायचं तेच मुळी पाणी बघून. दिवाळी झाली की बेळगावहून बैलगाड्या निघायच्या, त्या खानापूर, जांबोटी करत कणकुंबीच्या रानात शिरायच्या आणि परत यायच्या शिमग्याच्या सुमाराला. तेवढे महिने साहेबलोक, साखळी-झेंडी धरणारे खलाशी, गाडीवान या सगळ्यांच्या पोटाची काळजी माझ्याकडं. राज्य इंग्रजांचं होतं, पण रानात राज्य भुकेचं. दिवसभर लोखंडी साखळी ओढून डोंगर चढलेला माणूस संध्याकाळी राहुटीपाशी आला की आधी नाक वर करून वास घ्यायचा, मग पायातलं काढायचा.

मी मूळचा हिंडलग्याचा, शेतकऱ्याचा पोरगा. स्वयंपाक शिकलो बेळगावच्या लष्करी कॅम्पात, एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर. तिथला म्हातारा खानसामा मला इष्टू, म्हणजे साहेबांचा स्ट्यू, शिकवायचा. मटण, बटाटा, गाजर, कांदा मंद आचेवर ठेवायचं, पाणी बेताचं घालायचं आणि झाकण सारखं उघडायचं नाही. मला तो पदार्थ म्हणजे मिरची विसरलेला रस्सा वाटायचा. पण मंद आच आणि बंद झाकण या दोन गोष्टी मी त्या म्हाताऱ्याकडून घेतल्या त्या जन्मभरासाठी. पुढं मोजणीच्या कॅम्पात लागलो तेव्हा इष्टूची शिस्त आणि आमच्याकडची चटणी यांची मी सोयरीक जुळवली.

ज्यांनी रानात कधी चूल मांडली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. रानातला रस्सा हा घरच्यासारखा नसतो. तिथं तो एकटाच जेवण असतो. भाजी तोच, डाळ तोच, अंगात ऊब आणणाराही तोच. म्हणून तो दाट पाहिजे, भाकरीचा तुकडा त्यात उभा राहिला पाहिजे. मी हुलगे आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधायचो आणि ते गाठोडं गाडीला लटकवायचो. गाडी हिंदकळत जायची, मुक्कामाला पोचेपर्यंत हुलग्यांना मोड यायचे. बेळगावचे बटाटे पोत्यानं बरोबर असायचे, ते टिकतात. वांगी, भोपळा पहिल्या आठवड्यात संपवायचा. पुढं सुकं खोबरं, तीळ, सुकट आणि रानात मिळेल ते. दाटपणासाठी भाजलेलं जोंधळ्याचं पीठ. चटणी मात्र घरची. माझी थोरली आक्का ती कुटून द्यायची, रंगाला ब्याडगी मिरची आणि ठसक्याला संकेश्वरी. तो डबा मी धान्याच्या पोत्याखाली दडवून ठेवायचो, नाहीतर खलाशी भाकरीला लावून महिन्याभरात फस्त करायचे.

लाकूडही बघून घ्यावं लागतं. ऐनाचं वाळकं लाकूड सावकाश जळतं आणि निखारा धरतं, रश्शाला ते उत्तम. ओलं लाकूड घेतलं की धूर भांड्यात उतरतो आणि मग सगळे जेवताना माझ्याकडं बघतात.

माझी गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कॅम्पाचे मुख्य एक रावसाहेब होते, मोठे हुशार आणि अंगानं काटक, पण पोटानं नाजूक. त्यांचा शेगडीवरचा मऊ भात वेगळा, त्यावर दूध नाहीतर मेतकूट. माझ्या पातेल्याजवळून जाताना ते उपरण्यानं नाक झाकायचे आणि म्हणायचे, हा लालभडक प्रकार बघूनच मला घाम फुटतो. तसं बघितलं तर कॅम्पात चुली चार पेटायच्या. कुणाचं कुणाला चालायचं नाही. त्यात माझी चूल सगळ्यांत मोठी, इतकंच.

दुसरं अवघड गिऱ्हाईक म्हणजे येसाप्पा. हे सांबऱ्याचे, खलाशांचे मुकादम. साखळी कुठं धरायची, झेंडी कुठं रोवायची हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मिशा पांढऱ्या, आवाज चढा. माझं जेवण जेवायचे, वाडगा पुसून खायचे, पण बरं झालंय असं एक अक्षर तोंडातून कधी काढलं नाही. मीठ कमी असलं की मात्र सगळ्या रानाला कळायचं.

आणि मला नेमकी त्यांचीच मुलगी करायची होती. हौसा तिचं नाव. सांबऱ्याच्या जत्रेत मी तिला बघितलं होतं. तिनंही मला बघितलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी कॅम्प निघायच्या आधी माझे चुलते विचारायला गेले. आप्पांनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "बाप्या माणसानं चुलीम्होरं बसायचं, तर माझ्या पोरीनं काय करायचं? ह्ये काय मला पटत न्हाय." चुलते तसेच परत आले. आठ दिवसांनी मी आणि आप्पा एकाच गाडीवाटेनं कणकुंबीकडं निघालो. मी त्यांना वाढायचो, ते खायचे आणि दोघंही त्या विषयावर बोलायचो नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. आमचा तळ म्हादईला मिळणाऱ्या एका मोठ्या ओढ्याच्या काठी होता. पाणी घोट्याएवढं, दगडांवरून उड्या मारत पलीकडं जाता यायचं. एके सकाळी रावसाहेब, आप्पा आणि बाकीचे खलाशी मिळून आठ-दहा माणसं ओढ्यापलीकडच्या डोंगरावर मोजणीला गेली. दुपारपुरती भाकरी बरोबर बांधून दिली होती, संध्याकाळी परत यायचंच होतं. तळावर राहिलो मी, परसू गाडीवान आणि त्याची बायको गंगव्वा. परसू खानापूरकडचा, बैलांशी कानडीत बोलायचा आणि आमच्याशी मराठीत. गंगव्वा भाकऱ्या थापायची. तिच्यासारखी भाकरी मी आजवर बघितली नाही. पण तिची दुसरी एक कला होती ती त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हती.

दुपारी आभाळ भरून आलं आणि पावसाचे दिवस नसताना असा पाऊस कोसळला की समोरची राहुटी दिसेना. संध्याकाळपर्यंत ओढा गुरगुरायला लागला. दुसऱ्या दिवशी उजाडताना बघतो तर घोट्याएवढ्या पाण्याची नदी झालेली. तांबडं पाणी, त्यात फांद्या, ओंडके, काय काय वाहून चाललेलं. आणि पलीकडच्या काठावर आमची माणसं, ओलीचिंब, एका झाडाखाली दाटीवाटीनं उभी.

हाका मारून उपयोग नव्हता, पाण्याचा आवाजच तेवढा होता. पण त्यांच्याकडं मोजणीच्या झेंड्या होत्या. लांबून खुणा करायची आम्हा सगळ्यांना सवय होती. रावसाहेबांनी झेंडीनं एक माणूस झोपल्याचं दाखवलं, मग अंग थरथरवून दाखवलं. झाडाच्या बुंध्याशी कुणीतरी घोंगडं पांघरून मुटकुळं करून पडलं होतं. पांढऱ्या मिशा मला एवढ्या लांबूनही ओळखू आल्या. आप्पांना हुडहुडी भरली होती.

परसू म्हणाला, वरच्या अंगाला कडे आहेत, खालच्या अंगाला नदी. फिरून जायचं तर वाटेत आणखी दोन ओढे, तेही असेच भरलेले. पाऊस चालूच होता. तिकडं कोरडं लाकूड नाही, काड्यापेटी भिजलेली, शिधा नाही. काल दुपारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. आणि इकडं माझ्याकडं पोती भरून शिधा, ताडपत्रीखाली कोरडं लाकूड. काठावर उभा राहून मी नुसता बघत होतो. आयुष्यात एवढं निकामी कधी वाटलं नव्हतं.

गंगव्वा राहुटीत गेली आणि गुळाची ढेप घेऊन आली. तिनं ती फोडली, एकेक खडा पानात गुंडाळून त्याला सुतळी आवळली. मग कमरेला गुंडाळलेली गोफण काढली. शाळूच्या दिवसांत पाखरं हाकायला आमच्याकडच्या बायका गोफण वापरतात, पण रानात ती कशाला आणली होती असं मी विचारलं, तर ती म्हणाली, माकडांसाठी. गोफण डोक्यावर गरगर फिरली आणि गुळाचा खडा ओढ्यावरून पलीकडं जाऊन पडला. तिकडचे खलाशी धावले. दुसरा खडा गेला, तिसरा गेला. एक तर रावसाहेबांच्या पायापाशीच पडला. एवढ्या पावसात, एवढ्या काळजीत आम्ही तिघंही हसायला लागलो.

पण गुळानं थंडी जात नाही. आप्पांनी तर तो तोंडालाही लावला नाही, हातानं नको म्हणताना दिसले. त्यांच्या पोटात काहीतरी गरम जायला पाहिजे होतं.

तेव्हा मला सुचलं. मी गंगव्वाला म्हटलं, "आक्का, गूळ जातोय तर दोरा जाईल का?"

तिनं ओढ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दोरा गेला तर सुतळी जाईल," ती म्हणाली. "सुतळी गेली तर गाडीचा दोर जाईल. तू चूल पेटव जा."

माझे हातपाय असे चालायला लागले की विचारू नका. ताडपत्रीखाली ऐनाची लाकडं पेटवली. मोड आलेले हुलगे होतेच, ते टाकले. बटाटे चिरले, कांदा, खोबरं, तीळ भाजून वाटले. सुकट घेणार होतो, पण हात थांबला. तिकडं रावसाहेबही उपाशी होते, त्यांना ती चालली नसती. सुकट राहू दिली आणि हुलग्यांचं प्रमाण वाढवलं. चटणी मात्र नेहमीपेक्षा जास्त घातली. भिजलेल्या माणसाला आतून पेटवायचं होतं.

तिकडं गंगव्वानं वाकळ शिवायचा दोरा काढून एका सपाट खडकावर सैल वेटोळी करून मांडला. दगड फडक्यात बांधून त्याला दोरा जोडला. पहिल्या फेकीला दोरा झुडपात अडकला. दुसरी फेक पाण्यात गेली. तिसऱ्या वेळी परसूनं दोरा हातावर झेलत मोकळा सोडला आणि दगड पलीकडं पोचला. एका खलाशानं तो छातीशी धरला, जणू कोंबडीच पकडली. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी दोरा ओढला, त्यामागं सुतळी गेली, सुतळीमागं गाडीवर माल आवळायचा जाड दोर. रावसाहेब काठावरून फिरत झाडं बघत होते. शेवटी त्यांनी झेंडीनं एका झाडाचा बुंधा दाखवला, मग आमच्या बाजूच्या जांभळीची वरची फांदी दाखवली. आमच्याकडं दोर उंच, त्यांच्याकडं खाली. उतार धरून भांडं आपोआप जाईल असा त्यांचा हिशोब होता. तो मला तिथल्या तिथं कळला आणि मी हात जोडले.

रस्सा तयार झाला. गाडीत भांडी टांगायचं शिंकं होतं, त्यात पातेलं ठेवलं, वर झाकण, शिंक्याला लोखंडी कडी, कडी दोरात. कडीला दोन्ही बाजूंनी सुतळी, एक त्यांच्या हातात, एक आमच्या. पातेलं निघालं. आम्ही सुतळी हळूहळू सोडत होतो. मध्यावर गेलं आणि भारानं दोर खाली आला. पातेल्याचा तळ पाण्याला लागला. पाण्यानं एक हिसका दिला, पातेलं कलंडलं, झाकण उडालं आणि आतला सगळा रस्सा ओढ्यात गेला. तांबड्या पाण्यात तो दिसलासुद्धा नाही. आम्ही रिकामं पातेलं ओढून घेतलं. पलीकडच्यांच्या हातातली सुतळी सैल पडली. एकेक जण खाली बसला. ते बघणं फार कठीण होतं.

निम्मा रस्सा मी मोठ्या भांड्यात राखला होता, निखाऱ्यावर. त्यात आणखी बटाटे टाकले आणि जोंधळ्याचं पीठ लावलं. या वेळी पातेलं घेतलं नाही, पाण्याची तांब्याची कळशी घेतली. निमुळत्या तोंडाची, आतून कल्हई केलेली. रस्सा तिच्यात ओतला, तोंडावर झाकणी बसवली आणि कडेनं कणीक लिंपून ते बंद केलं. खानसामा बिर्याणीचं भांडं असं लिंपायचा. आता कळशी आडवी झाली तरी सांडणार नव्हती. पण दोर खाली येण्याचं काय?

परसूनं आपले बैल आणले. आमच्या बाजूचं दोराचं टोक जांभळीवरून घेऊन त्यानं ते जोखडाला बांधलं आणि दोन्ही बैलांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. कळशी मध्यावर आली की बैलांनी एक पाऊल पुढं टाकायचं, म्हणजे दोर ताणला जाईल. एक पाऊल. दोन टाकली तर दोर तुटणार. बैल पाठमोरे, परसूला ओढा दिसत नव्हता. त्याला सांगायचं मी आणि मला सांगायचं रावसाहेबांनी, कारण कळशी पाण्यापासून किती वर आहे ते त्यांनाच नीट दिसत होतं. पांढरी झेंडी म्हणजे बैल पुढं, तांबडी म्हणजे थांबा.

शिंक्यातली कळशी सुटली. उतारावरून झरझर गेली, मग हळू झाली, मग दोर वाकायला लागला. पांढरी झेंडी वर गेली. मी हात खाली केला. परसू बैलांच्या कानाशी काहीतरी बोलला, बैलांनी माना खाली घातल्या आणि पाऊल टाकलं. दोर करकरला. कळशी वर उचलली गेली. एवढ्यात वरच्या अंगानं एक मोठा ओंडका येताना दिसला, मुळांसकट. त्याची मुळं हातासारखी वर आलेली. तो थेट कळशीच्या खालून जाणार होता. पांढरी झेंडी पुन्हा वर. मी परसूकडं बघितलं. दोर आणखी ताण सोसेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आणखी एक," मी म्हणालो.

बैलांनी दुसरं पाऊल टाकलं. ओंडका खालून गेला. त्याचं एक मूळ शिंक्याला घासून गेलं, कळशी गोल फिरली, लोंबकळली आणि दोर टिकला. तांबडी झेंडी. परसूनं बैलांना तसंच धरलं. पलीकडून सुतळी ओढली जायला लागली, हातभर, आणखी हातभर, आणि शेवटी चार-पाच जणांनी मिळून कळशी मिठीत घेतली. गंगव्वा खडकावर मटकन खाली बसली. मी काय केलं ते आठवत नाही. परसू पुढं सांगायचा की मी बैलांच्या गळ्यात पडलो होतो.

मागोमाग भाकऱ्या गेल्या, फडक्यात बांधून, त्यांना काही अडचण आली नाही. त्यांनी रानातल्या मोठ्या पानांचे द्रोण केले. झाकणीची कणीक फोडली तेव्हा वाफ वर आली ती मला या काठावरून दिसली. वास तर येणं शक्य नव्हतं, तरी मला आल्यासारखा वाटला. पहिला द्रोण आप्पांपुढं गेला. दोघांनी त्यांना उठवून बसवलं. ते घोटभर प्यायले, थांबले. मग द्रोण दोन्ही हातांनी धरून संपवला आणि पुन्हा पुढं केला. मी तिथंच डोळे पुसले. धुराचं निमित्त होतंच.

रावसाहेबही त्याच कळशीतलं प्याले. पुढं त्यांनी मला सांगितलं की पहिल्या घोटाला कानातून वाफा निघाल्या, पण त्या दिवशी त्यांना तेच हवं होतं. त्या काठावर त्या दिवशी कुणाची चूल वेगळी नव्हती. सगळे एकाच कळशीभोवती बसले होते. ओढा उतरला, माणसं अलीकडं आली आणि पुन्हा चार चुली पेटल्या, पहिल्यासारख्याच. रावसाहेब भातावर मेतकूट घ्यायला लागले. कुणाचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही, रीतच तशी होती. पण त्या संध्याकाळी माझ्या चुलीशी बसताना मन खट्टू झालं ते अजून आठवतं.

ओढा उतरला तेव्हा आप्पा काठीचा आधार घेत दगडांवरून आले. ताप उतरला होता. त्यांच्या दुसऱ्या हातात माझी कळशी होती. माझ्यापुढं ठेवली आणि निघून गेले. बघतो तर वाळूनं घासून लख्ख केलेली. मुकादमानं स्वतः भांडं घासलं होतं आणि इतर कुणाला हात लावू दिला नव्हता, हे मला खलाशांनी सांगितलं.

शिमग्याला आम्ही परतलो. चुलते पुन्हा सांबऱ्याला गेले, या वेळी मी न सांगताच. आप्पा म्हणाले, "चूल फुंकू दे नाहीतर काय करू दे. पावसापाण्यात माझी पोरगी उपाशी राहायची न्हाय, एवढं मला कळलं."

लग्न सांबऱ्यालाच झालं. अक्षता पडल्या, पंगत बसली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भात आणि आमटी. आमटी करणारा कुठून आणला होता देव जाणे. मी नवरदेव, अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, शेजारी हौसा मान खाली घालून बसलेली. आप्पा वाढप बघत फिरत होते. त्यांनी एका वाटीतून आमटीचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. लोकांकडं एक नजर टाकली आणि माझ्यामागं येऊन खाली वाकले.

"लई पातळ झालीया," ते माझ्या कानात म्हणाले. "दुसरी पंगत बसायच्या आत उठतोस काय रं?"

हौसाला हसू आवरेना. मी शेल्याची गाठ सोडून घेतली आणि मुंडावळ्या तशाच ठेवून चुलीकडं गेलो.